कार्ने असादा टाको घरच्या घरी: मसाला कमी, जाळ जास्त

आमच्याकडे पुण्या-मुंबईहून कोणी राहायला आलं की टाकोची फर्माईश ठरलेली असते, आणि बहुतेकांच्या डोळ्यासमोर असतो तो पिवळा कुरकुरीत होडीसारखा शेल, त्यात राजमा, वरून किसलेलं चीज आणि लेट्यूस. त्याला नावं ठेवायची नाहीयेत मला, पण आम्ही सॅन डिएगोला राहतो, इथून मेक्सिकोतल्या तिहुआनाची बॉर्डर गाडीने अर्ध्या तासावर, आणि तिथे रस्त्यावर जो टाको मिळतो तो अगदी वेगळा पदार्थ आहे. तळहाताएवढी मऊ गरम तोर्तिया, म्हणजे मक्याची किंवा गव्हाची पातळ पोळी, त्यावर निखाऱ्यावर भाजून बारीक चिरलेलं बीफ, कांदा-कोथिंबीर, एखादा झणझणीत साल्सा म्हणजे चटणी, लिंबू, झालं. याला म्हणतात कार्ने असादा, शब्दशः अर्थ भाजलेलं मांस. आज तोच घरी कसा करायचा ते सगळं बैजवार सांगते, कारण मी स्वतः हे शिकायला बरीच वर्षं घातली आणि त्यातली बरीचशी चुकीच्या दिशेने.

चूक काय होत होती ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. मी आपल्या सवयीने मांस आदल्या रात्री मुरवायचे. आलं-लसूण, भरपूर लिंबू, तिखट, धणेजिरे पूड, गरम मसाला, सगळं. आणि दुसऱ्या दिवशी ग्रिलवर टाकलं की पाणी सुटायचं, रंग राखाडी, बाहेरून भुसभुशीत, चव मसाल्याची. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, मूळचे उत्तर मेक्सिकोतल्या सोनोराचे, त्यांनी एका रविवारी मला शेजारी उभं करून दाखवलं. त्यांनी मांसाला लावलं होतं फक्त जाडं मीठ. बाकी सगळं काम निखाऱ्याचं. त्या दिवशी मला कळलं की आपल्याकडे चव मसाल्यातून आत जाते आणि इथे ती जाळातून वर येते, त्यामुळे आपला हात जिथे आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो तिथेच तो थांबवायचा.

यामागे कारण आहे. मांसाचा तो खमंग तपकिरी रंग आणि वास साधारण १४० डिग्री सेल्सियसच्या पुढे यायला लागतो, आणि पृष्ठभाग ओला असेल तर ते पाणी उडून जाईपर्यंत तापमान शंभराच्या वर जातच नाही. म्हणजे मांस भाजलं न जाता उकडतं. शिवाय लिंबाच्या आंबटपणाने बाहेरचा थर जास्त वेळ मुरला की शिजल्यासारखा पांढरट होऊन पिठूळ लागतो.

उत्तर मेक्सिकोत, म्हणजे सोनोरा, चिवावा, न्यूएवो लिओन या भागात, कार्ने असादा हे जेवणाचंही नाव आणि बैठकीचंही. रविवारी कार्ने असादा आहे म्हणजे घरी चारचौघं जमणार, अंगणात कोळसे पेटणार. हा सगळा गुराढोरांचा मुलूख. गुरं मेक्सिकोत आणली स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात, त्याआधी तिथे गायबैल नव्हतेच. कांदा आणि कोथिंबीरसुद्धा स्पॅनिश लोकांबरोबरच आले, आणि मिरची मात्र मेक्सिकोची, जी पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे पोचली. एका टाकोत किती ठिकाणचं सामान एकत्र येतं बघा.

मांस कुठलं आणि कसं मागायचं

अमेरिकेत असाल तर सुपरमार्केटचा जाड स्टेक घेऊ नका, मेक्सिकन खाटकाच्या दुकानात जा, त्याला कार्निसेरिया म्हणतात, बहुतेक मेक्सिकन किराणा दुकानात मागच्या बाजूला असतंच. तिथे तीन नावं लक्षात ठेवा. अराचेरा म्हणजे स्कर्ट स्टेक, प्राण्याच्या छाती-पोटाच्या पडद्याजवळचा लांब पट्टा, चव सगळ्यात दांडगी आणि किंमतही. रांचेरा म्हणजे फ्लॅप मीट, थोडं स्वस्त, धागे मोकळे, टाकोसाठी मला हेच सगळ्यात आवडतं. आणि दिएसमियो म्हणजे खांद्याकडचं मांस, पातळ पत्र्यासारखं कापून देतात, अर्धा सेंटीमीटर जाड, भरपूर माणसं असतील तर हेच घ्या, पटकन भाजतं आणि खिशाला परवडतं. दुकानात मॅरिनेट करून ठेवलेलंही मिळतं, पण त्यात काय आणि कधी घातलंय ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून साधंच मागा.

एक किलो कच्चं मांस पाच-सहा जणांना पुरतं. भाजल्यावर साधारण पाव भाग वजन कमी होतं, उरतं सातशे-साडेसातशे ग्रॅम, एका टाकोत पस्तीस-चाळीस ग्रॅम धरलं तर अठरा-वीस टाको होतात.

भारतातल्यांसाठी इथेच सांगते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गोवंश हत्येवर पूर्ण बंदी आहे, बैलसुद्धा त्यात आले, म्हशीचं मांस चालतं. ते वापरायचं असेल तर अंडरकट मागा आणि धाग्याला आडवे सेंटीमीटरभर जाडीचे काप करून घ्या, ते मुळात मऊ असतं पण चरबी कमी, त्यामुळे तेल थोडं जास्त लावा आणि भाजायला एक मिनिट कमीच द्या. गोव्यात बीफ मिळतं, तिथेही अंडरकटच सोयीचं. आणि बीफ-बफ काहीच खात नसाल तर कोंबडीची बिनहाडाची मांडी घ्या, छाती नको, ती कोरडी पडते. त्याला पोयो असादो म्हणतात आणि तो काही दुय्यम प्रकार नाही, मेक्सिकोत आवडीने खातात. फक्त कोंबडी आत ७४ डिग्रीपर्यंत शिजली पाहिजे.

लावायचं काय

दोन पद्धती आहेत. एक सोनोराची, फक्त मीठ: एक किलोला बारीक मिठाचे दोन सपाट चमचे, भाजायच्या तासभर आधी लावून फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं, म्हणजे वरचा ओलावा सुकतो. मांस चांगलं असेल तर माझं मत याच बाजूने आहे.

दुसरी, बॉर्डरच्या इकडे कॅलिफोर्नियात घरोघरी करतात ती. एक किलोला दोन लिंबांचा रस, अर्ध्या संत्र्याचा रस, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन टेबलस्पून तेल, दोन चमचे मीठ, एक चमचा मिरपूड, एक हालापेन्यो मिरची चिरून, मूठभर कोथिंबीर देठासकट आणि एक कांदा चकत्या करून. टेक्सासकडे अर्धा चमचा जिरेपूडही घालतात. घालायचं तर तेवढंच, त्याच्या पुढे गेलात की आपल्या किचनचा वास यायला लागतो. जाड तुकड्यांना एक ते दोन तास, फार तर चार. दिएसमियोसारख्या पातळ मांसाला अर्धा-पाऊण तास बास. रात्रभर अजिबात नको, हे मी पुन्हा सांगतेय कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आणि ग्रिलवर टाकण्याआधी कांदा-कोथिंबीर-लसणीचे तुकडे झटकून मांस पेपर टॉवेलने चक्क पुसून घ्या, मनाला बरं वाटत नाही, मसाला वाया गेल्यासारखा वाटतो, पण लसूण जळला की सगळं कडू होतं.

लिंबाबद्दल एक. मेक्सिकोत ज्याला लिमोन म्हणतात ते आपलं कागदी लिंबूच, जात एकच. अमेरिकन दुकानातलं मोठं हिरवं बिनबियांचं लाईम वेगळं, त्यात रस भरपूर पण तो वास नाही. की लाईम नावाने छोट्या लिंबांची पिशवी मिळते, ती घ्या.

साल्सा आणि ग्वाकामोले आधी उरकून घ्या

मांस भाजून झालं की टाको लगेच खायचा असतो, तेव्हा मिक्सर काढत बसायला वेळ नसतो, म्हणून हे पहिलं काम.

लाल साल्सा: चार मध्यम टोमॅटो, पाव कांदा आणि तीन लसूण पाकळ्या सालासकट कोरड्या तव्यावर ठेवा, टोमॅटोला काळे डाग पडून साल सुटेपर्यंत, दहा-बारा मिनिटं लागतात. मग तवा मंद करून आठ-दहा चिले दे आर्बोल मिरच्या टाका, या बारीक लांब लालभडक सुक्या मिरच्या असतात, आणि वीस-तीस सेकंदात काढा. वास खमंग आला की काढायच्याच, काळ्या झाल्या तर साल्सा कडू होतो आणि मग त्यावर काही उपाय नाही. भारतात संकेश्वरी घ्या, लवंगी घेतलीत तर संख्या निम्मी करा. लसूण सोलून सगळं मिठाबरोबर वाटायचं, जरा भरड. मेक्सिकोत यासाठी मोलकाहेते असतो, काळ्या बसाल्ट दगडाचा तीन पायांचा खलबत्ता, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्याच्याच दगडाच्या जातीचा. घरी पाटा असेल तर त्यावरच वाटा, मिक्सरच्या साल्सात आणि त्यात फरक पडतो, टोमॅटो चेचला जातो, त्याचा फेस होत नाही.

हिरवा साल्सा करायचा तर तोमातियो लागतात, रसभरीच्या गोतातलं कागदी आवरणाचं आंबट हिरवं फळ, भारतात सहजी मिळत नाही, आणि कच्च्या टोमॅटोने ती चव येत नाही, त्यामुळे तिकडे लालच करा.

ग्वाकामोले मात्र तिहुआना स्टाईल हवं, पातळसर. दोन पिकलेले अवोकाडो, एका लिंबाचा रस, एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, मीठ आणि तीन-चार चमचे पाणी, मिक्सरला फिरवून चमच्याने ओघळेल असं करा. त्यात टोमॅटो नको, कारण टाकोवर ते चटणीचं काम करतं.

याशिवाय एक पांढरा कांदा अगदी बारीक चिरून, तेवढीच कोथिंबीर चिरून, मुळ्याच्या पातळ चकत्या आणि लिंबाच्या फोडी. चीज, सावर क्रीम, लेट्यूस काहीच नाही.

तोर्तिया, आणि इथे भाकरीचा हात उपयोगी पडतो

मक्याच्या तोर्तियाला साधं मक्याचं पीठ चालत नाही, आणि केकमध्ये घालतो ते पांढरं कॉर्नफ्लोअर तर नाहीच नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच भिजवतात, मग धुऊन, दळून पीठ करतात. याला निश्तमाल म्हणतात, ही पद्धत कोलंबसाच्या कितीतरी आधीची. चुन्याने साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, तोर्तिया वळते आणि तो खास वास येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळायला लागतं. युरोपने मका उचलला पण ही चुन्याची रीत उचलली नाही, आणि जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर जगत होते तिथे पेलाग्रा नावाचा रोग पसरला.

याच पिठाचं सुकवलेलं रूप म्हणजे मासा आरिना, मासेका हा ब्रँड सगळीकडे दिसतो, १९४९ मध्ये न्यूएवो लिओनमध्ये सुरू झालेल्या ग्रुमा कंपनीचा. भारतात मोठ्या शहरांत आणि ऑनलाईन मासा आरिना मिळतो.

दोनशे चाळीस ग्रॅम मासा आरिना, साधारण साडेतीनशे मिली कोमट पाणी, चिमूटभर मीठ. मळून ओल्या कापडाखाली वीस मिनिटं ठेवा. बोटाने दाबल्यावर कडा फाटल्या तर पाणी कमी, हाताला चिकटलं तर जास्त. तीस ग्रॅमचे वीस गोळे होतील. प्लास्टिकची जाड पिशवी कापून तिच्या दोन पदरांत गोळा ठेवून पुरी प्रेसने किंवा जड तव्याच्या बुडाने दाबा, तेरा-चौदा सेंटीमीटरची चकती. लाटणं फिरवलंत तर चिकटते. मोठ्या आचेवर कडकडीत तापलेल्या कोरड्या तव्यावर टाका, पंधरा-वीस सेकंदात उलटा, मग दुसरी बाजू पाऊण मिनिट, परत उलटून बोटांनी हलकं दाबा, फुगते. भाकरी फुगल्यावर जसा आनंद होतो तसाच. लगेच कापडात गुंडाळून एकावर एक ठेवत जा, त्या वाफेनेच त्या मऊ होतात, तव्यावरून काढल्या काढल्या खाल्ल्यात तर जरा ताठ लागतील. विकतच्या घेतल्यात तर प्रत्येक तव्यावर दोन्हीकडून गरम करायचीच, आणि त्या पातळ असतात म्हणून टाकोवाले दोन-दोन लावतात.

आणि मासा आरिना मिळालाच नाही तर मन लहान करू नका, सोनोरात मुळात गव्हाचीच तोर्तिया खातात. तीनशे ग्रॅम मैदा, साठ ग्रॅम डालडा (तिकडे डुकराची चरबी घालतात), एक चमचा मीठ, एकशे साठ मिली चांगलं गरम पाणी. मळून अर्धा तास झाका, गोळे करून पुन्हा पंधरा मिनिटं, मग पोळीपेक्षा पातळ लाटून गरम तव्यावर तीस-तीस सेकंद. तेल तूप वरून लावायचं नाही. तिथे सोबाकेरा नावाची एक तर हातभर रुंद असते, आपल्या रुमाली रोटीसारखी आरपार दिसणारी.

आता जाळ

सोनोरातला कोळसा मेस्कीतेच्या लाकडाचा असतो आणि त्या धुराची चव हाच कार्ने असादाचा मसाला. हे झाड आपल्याला परकं नाहीये. गावाकडे माळरानावर जी काटेरी वेडी बाभूळ माजलेली असते, काही ठिकाणी विलायती बाभूळ म्हणतात, ती याच मेस्कीतेच्या गोतातली, मूळ अमेरिका खंडातली. भारतात विकत मिळणारा लाकडी कोळसा बऱ्याचदा तिचाच असतो. म्हणजे पुण्यात गच्चीत शेगडीवर भाजणाऱ्याला चवीच्या बाबतीत गॅस ग्रिलवाल्या कॅलिफोर्नियाकरापेक्षा बरी संधी आहे. फक्त हा कोळसा पेटताना ठिणग्या उडवतो, लांब उभे राहा, मुलांना लांब ठेवा, आणि रॉकेल टाकून पेटवू नका, वास मांसाला लागतो.

चिमनी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या डब्यात, कोळसा भरून खाली कागद पेटवा, वीस-पंचवीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेचा पांढरा थर येतो. मग दोन तृतीयांश भागात दाट पसरा आणि एक भाग रिकामा ठेवा, ज्वाळा भडकल्या तर मांस तिकडे सरकवायला. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा, दोन-तीन सेकंदांत काढावासा वाटला पाहिजे. पाच सेकंद धरता आला तर अजून थांबा किंवा कोळसा वाढवा, इथे घाई केली की सगळं मुसळ केरात. जाळी घासून तिच्यावर अर्धा कांदा फिरवा, मेक्सिकन लोक असंच करतात, जाळी साफ होते आणि वासही छान येतो.

मांसाला हलकं तेल, आणि टाका. दीड सेंटीमीटर जाडीच्या अराचेरा-रांचेराला एका बाजूला अडीच-तीन मिनिटं, पत्र्यासारख्या दिएसमियोला एक-दीड मिनिट. दर दहा सेकंदांनी उलटत बसू नका, वरच्या बाजूला रसाचे थेंब दिसायला लागले की मगच उलटा. झाकण लावायचं नाही. आतून ५७ ते ६० डिग्रीला गुलाबीसर राहतं, अमेरिकन सरकारी सल्ला ६३ डिग्री आणि मग तीन मिनिटं विसावा असा आहे. मेक्सिकोतले टाकोवाले बहुतेक पूर्णच शिजवतात, त्यामुळे तुमच्या पाहुण्यांना गुलाबी चालत नसेल तर बिनधास्त जास्त भाजा, बारीक चिरल्यावर पातळ मांस चिवट लागत नाही. शेजारीच पातीचे कांदे अख्खे आणि चार हिरव्या मिरच्या भाजायला टाका, काळे डाग पडले की मीठ-लिंबू.

फ्लॅटमध्ये ग्रिल नसेल तर बिडाचा तवा. मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं, धूर दिसेपर्यंत तापवा, एका वेळी दोनच तुकडे, खिडक्या सताड उघड्या. नॉनस्टिक एवढं तापवायचं नसतं, ते वापरू नका. धुराची चव नाही येणार पण रंग झकास येतो.

कापणं

मांस पाच-सात मिनिटं ताटात तसंच राहू द्या. मग नीट बघा, धागे कुठल्या दिशेला जातायत ते स्पष्ट दिसतं. अराचेराचा पट्टा आधी चार बोटं रुंदीचे तुकडे करून घ्या, मग प्रत्येक तुकडा फिरवून धाग्यांना आडवे पातळ काप, आणि मग त्या कापांचे सेंटीमीटरभर तुकडे. धाग्याच्या दिशेने कापलंत तर उत्तम भाजलेलं मांससुद्धा सुतळीसारखं चावत बसावं लागतं, मी हे बऱ्याच घरच्या पार्ट्यांमध्ये बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण मेहनत सगळी झालेली असते. ताटात जमलेला रस चिरलेल्या मांसावर परत ओता आणि चव बघून मीठ घाला.

एका माणसाने तोर्तिया गरम करायच्या, एकाने कापायचं, बाकीच्यांनी ताटली घेऊन उभं राहायचं. तोर्तिया, मांस, कांदा-कोथिंबीर, साल्सा, वरून ग्वाकामोलेची रेघ, लिंबू, आणि तिथेच खायचा. भरून झाकून ठेवलेला टाको पाच मिनिटांत ओला होतो.

प्यायला हामाइका करा, तो म्हणजे लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचं गार सरबत. मूठभर बोंडं लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, गाळून, साखर घालून, तेवढंच पाणी वाढवून गार करायचं. रंग बघूनच मुलं ग्लास पुढे करतात.

मांस उरलं तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतं. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, कडक होतं. तापलेल्या तव्यावर चमचाभर तेलात मिनिटभर परतायचं, आणि आमच्याकडे सोमवारी सकाळी त्याच तव्यात दोन अंडी फोडून, उरलेला साल्सा घालून, तोर्तियात गुंडाळून डब्यात जातं.